उद्याबाईंचा उजवा हात

उद्याबाईंचं खरं नाव त्यांच्या विजेच्या बिलावर असणार, पण ते वाचायची वेळ आमच्या गल्लीत कुणावर आली नाही. माप घेताना त्या एक वार सांगायच्या. त्या वारी तुम्ही गेलात की मान वर न करता, ओठांतली टाचणी न काढता म्हणायच्या, "उद्या." दुसऱ्या दिवशी गेलात तरी "उद्या." चौथ्या खेपेला माणूस भांडायच्या तयारीने जायचा आणि कपडे घेऊन, वर आभार मानून परत यायचा. कारण उद्याबाईंनी शिवलेलं अंगावर असं बसायचं की आपण त्यातच जन्मलो असं वाटावं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्यापासून तीन पायऱ्या वर. एका भिंतीला कटिंगचं लांब टेबल, खिडकीशी दोन पायमशीन आणि उद्याबाई माप घ्यायला जिथे उभ्या राहायच्या तिथे त्यांच्या पाठीशी पुरुषभर उंचीचा आरसा. त्याच्या कडेचा पारा उडून तपकिरी डाग पडले होते. एका मशीनवर उद्याबाई बसायच्या. दुसऱ्या मशीनच्या खुर्चीत त्यांची नणंद, पण मशीन चालवायला नव्हे. ती काज करायची, बटणं लावायची, तुरपाई करायची. तिची सुई बारीक आणि जीभ धारदार. त्यामुळे तिचा थोरला भाऊ, म्हणजे उद्याबाईंचे यजमान, तिला लाडानं 'कात्री' म्हणायचे. यजमान एका अकरा मजली कचेरीत लिफ्टमन होते. चौतीस वर्षं रोज शंभरदा वर जाऊनही आपण तळमजल्यावरच राहिलो, हा त्यांचा आवडता विनोद. तो त्यांनी मला आठवड्यातून एकदा तरी सांगितलेला आहे, आणि दर वेळी माझ्याआधी तेच हसलेले आहेत.

उद्याबाईंच्या शिवणकामाचं गुपित मला बऱ्याच उशिरा कळलं. गिऱ्हाईक तोंडानं काय सांगतं इकडे त्यांचं लक्षच नसायचं. एखादी बाई म्हणायची, "सैल शिवा हं, अंगाला चिकटायला नको." आणि हे म्हणता म्हणता तिची बोटं कमरेवरचं कापड मागे खेचून धरायची. उद्याबाई घट्ट शिवायच्या. बाई आरशात बघून खूश. "बघा, मी म्हटलं होतं तस्सं सैल जमलं!" मी स्वतः त्यांना "साधीच कॉलर ठेवा" असं सांगितलं होतं. सांगताना माझा हात मानेपाशी उगाच चार बोटं वर गेला असला पाहिजे, कारण मला मिळाली ती एखाद्या सेनापतीला शोभेल अशी कॉलर. ती मी अजून जपून वापरतो.

"तोंडाला वळण लावता येतं," उद्याबाई म्हणायच्या. "आई लावते, शाळा लावते. हाताला कोण लावणार? हात खरं बोलतो."

आता हाताचाच विषय निघालाय म्हणून सांगतो. वेळेला ना पाठ, ना पोट. तरी आपण 'पुढचा आठवडा' म्हणतो, 'मागचा महिना' म्हणतो. नुसतं म्हणत नाही, हातानं दाखवतोही. यायचे दिवस समोर, गेलेले पाठीमागे. कुणी शिकवलं म्हणाल तर कुणीच नाही. उद्याबाई यात फारच काटेकोर होत्या. त्यांच्या उजव्या हातात कायम टेप लोंबत असायची. 'उद्या' म्हणताना तो हात वीतभर पुढे जायचा, 'शुक्रवारी' म्हणताना टेबलाच्या कडेपर्यंत, 'पुढच्या महिन्यात' म्हणताना थेट दाराबाहेर रस्त्यावर. गेलेल्या दिवसांची गोष्ट निघाली की हात खांद्यावरून मागे, आणि टेपचं पितळी टोक आरशावर वाजायचं. टक्.

सुरुवात झाली चष्मेवाल्या काकांच्या शर्टापासून. माप झालं. "पुढच्या शुक्रवारी या," उद्याबाई म्हणाल्या आणि आरशावर टक् झालं.

"अहो वहिनी, शुक्रवार मागे कुठं फेकलात?" नणंद खिदळली. "काका, आता तुम्ही मागच्या शुक्रवारी या. निदान या वेळी तरी कपडे वेळेवर मिळतील!"

काकाही पोट धरून हसले. शुक्रवारी मात्र ते आले नाहीत. गुरुवारी दुपारी जेवून जरा आडवे झाले ते झालेच.

दुसरी वेळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. वाचनालयातल्या बाई होत्या. मोठ्या शिस्तीच्या. पुस्तक एक दिवस उशिरा दिलं तर आपल्याच घरातलं कुणी पळवल्यासारखं बघायच्या. त्यांना उद्याबाई म्हणाल्या, "दहा तारखेला मिळेल." हात सावकाश वर गेला, खांद्यावरून मागे वळला, टक्. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझी नजर नणंदेवर गेली म्हणून बरं झालं, की वाईट झालं, कोण जाणे. तिची सुई हवेतच थांबली होती. दहा तारखेला वाचनालयाला सुट्टी होती, बाईंच्या निधनाची.

तिसरा बसचा कंडक्टर. तरणाबांड, रस्ता अंगावर घेऊन चालणारा. "बुधवारी," उद्याबाई म्हणाल्या. टक्. नणंदेनं हातातलं काज अर्ध्यावरच ठेवलं. बुधवारी रस्ता ओलांडताना त्याला दुसऱ्याच एका बसनं उडवलं.

तिघांचे शिवून तयार कपडे दारामागच्या खुंटीवर टांगले होते. न्यायला कुणी येईना आणि परत पोचवायचा धीर होईना. दार उघडलं की वारा आत शिरायचा, कंडक्टरच्या शर्टाची बाही फुगायची आणि आत हात घातल्यासारखी हळूच वर व्हायची. उद्याबाईंना आपल्या हाताचं काही ठाऊक नव्हतं. आपला हात आपल्याला कधी दिसतो? बोलताना तर मुळीच नाही. त्या आपल्या मान खाली घालून मशीन मारत होत्या.

मग तो रविवार आला. यजमान पायरीवर बसून आपल्या गणवेशाची पितळी बटणं घासत होते. उद्याबाई टेबलाशी उभ्या राहून कुणाच्या तरी बाह्यांना खडू लावत होत्या आणि सहज बोलून गेल्या, "पुढच्या वर्षी हे रिटायर झाले की दारासमोर एक बाक टाकून देऊ. बसतील रस्ता बघत."

बाक दारासमोर, वर्ष पुढचं. हात गेला मागे. टक्.

नणंदेच्या बोटात सुई घुसली. सोमवारी, भाऊ कामावर गेल्या गेल्या, ती माझ्या दारात उभी. बोटाला चिंधी.

"अहो शेजारी, जरा चला."

"काय झालं?"

"तुम्ही फक्त बघायचं. मी एकटीनं बघितलं तर मी वेडी. दोघांनी बघितलं तर निदान दोन वेडे."

वाटेत तिनं मला सगळं सांगितलं. गल्ली ओलांडायला वीस पावलं लागतात, त्या दिवशी मला ती साठ वाटली.

दुकानात वीज गेली होती. पंखा थांबलेला, उकाड्यानं मशीनही थांबलेलं. नणंदेनं दार लोटलं आणि वहिनीला बसवून सांगितलं. सांगताना एकही टोमणा मारला नाही, म्हणूनच बहुधा उद्याबाई आधी हसल्या.

"काय हो वन्सं! जीभ कमी पडायला लागली म्हणून आता माझ्या हातावर आलात?"

"तुम्ही आरशासमोर उभ्या राहा आणि बोलून बघा."

"बघा तर बघा." त्या उठल्या, आरशाकडे तोंड करून उभ्या राहिल्या, हातात सवयीनं टेप. "उद्या बाजारात जायचंय." हात वीतभर पुढे. "पुढच्या महिन्यात शाळा सुरू होतील." हात आरशातल्या बाईच्या छातीला टेकला. "झालं समाधान? आता ऐका. पुढच्या वर्षी हे रिटायर होतील."

हात वर उचलला गेला. खांद्यावरून मागे वळला. आरशातल्या बाईनंही आपला हात पाठीमागे टाकला, आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"परत म्हणा," नणंद पुटपुटली.

परत तेच. तिसऱ्यांदा तेच. हाताला घाई नव्हती. कुणीतरी आतून हलकेच धरून नेल्यासारखा तो जात होता. मग नणंदेनं पुढे होऊन दोन्ही हातांनी ते मनगट पकडलं आणि समोर, आरशाच्या दिशेला दाबून धरलं.

"आता म्हणा, वहिनी."

उद्याबाईंनी श्वास घेतला. "मागच्या वर्षी हे रिटायर होतील."

एरवी मी शोकसभेतसुद्धा नको तिथे हसणारा माणूस. पण मला हसू आलं नाही. हाताला अडवलं तर तो जिभेवर जाऊन बसला होता. उद्याबाईंनी पुन्हा तोंड उघडलं, "पु..." म्हणाल्या, आणि पुढचा शब्द निघेना. नणंदेनं मनगट सोडल्यावरच त्यांना धड श्वास घेता आला.

त्या खुर्चीत बसल्या. हात टेबलावर ठेवला, आणि गिऱ्हाईक विसरून गेलेल्या वस्तूकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत राहिल्या.

"आधी कुणाचं झालं होतं असं?"

नणंदेनं खुंटीकडे बोट केलं. उद्याबाईंनी तिन्ही कपडे एकेक करून नजरेखालून घातले. मग अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "वन्सं, मी केलं का हे?"

"काहीतरीच काय बोलता वहिनी! तुम्हाला एक शर्ट वेळेवर करता येत नाही, माणसं काय करणार आहात!" नणंदेचा टोमणा परत आला, पण आवाज फाटलेला होता.

नंतरचे दोन दिवस उद्याबाईंनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला. गिऱ्हाईक विचारायचं, "कधी येऊ?" आणि या नुसत्या बघत राहायच्या. 'उद्या' हा शब्दसुद्धा त्यांना हाताशिवाय उच्चारता येईना. बावीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या तोंडापेक्षा हातावर विश्वास ठेवून दुकान चालवलं, त्यांना आता आपल्याच हाताला खोटं कसं पाडावं कळत नव्हतं. नवऱ्यापुढे ताट ठेवतानाही त्या डाव्या हातानं ठेवत होत्या. "हात दुखतोय का गं?" यजमानांनी विचारलं, तर उद्याबाईंनी मान हलवली. यजमानांशी बोलायचं त्यांनी बंदच केलं होतं, कारण नवऱ्याशी बोलायचं म्हणजे कुठला ना कुठला पुढचा दिवस निघतोच.

बुधवारी दुपारी नणंदेनं फळीवरून मापांच्या जुन्या वह्या काढल्या. मीही होतो. त्या दोघींना आता मी बसलेलाच बरा वाटत होतो, तिसरं वेडं माणूस म्हणून.

"वहिनी, तुम्ही माप लिहिताना मागचं माप बघता?"

"कशाला बघू? टेप खोटं बोलते का?"

"मग हे बघा. चष्मेवाले काका. मागच्या खेपेला छाती अडतीस, कॉलर साडेपंधरा. या खेपेला छत्तीस आणि साडेचौदा. मधे आठ महिने." तिनं पानं उलटली. "वाचनालयातल्या बाई. कंबर तेहतीस. मग तीस. दंड पावणेदोन इंच कमी."

उद्याबाईंनी वही जवळ ओढली. अक्षर त्यांचंच होतं. "मी लिहिलं," त्या म्हणाल्या, "आणि मी वाचलं नाही."

"तुमच्या बोटांनी वाचलं. गळ्यात टेप घातली तेव्हा बोटांना कळलं. त्यांनी कुणाला सांगायचं? तोंड तुमचं टाचण्यांनी भरलेलं."

हे ऐकून मला फार बरं वाटलं. अंधारात काहीतरी उभं आहे म्हणून घाबरावं आणि दिवा लावल्यावर ती कपड्यांची खुंटी निघावी, तसं. मी उत्साहानं विचारलं, "आणि कंडक्टरचं पान?"

नणंदेनं वही मिटली. "दोन पुरेत," ती म्हणाली आणि दातांनी दोरा तोडला.



"पण यांचं माप मी कुठं घेतलंय?" उद्याबाई म्हणाल्या. "यांचं मला पाठ आहे. वहीत पानच नाही यांचं."

नणंदेनं हातातली सुई खाली ठेवली. मग तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "दादाच्या पॅंटचं बटण," ती म्हणाली. "या वर्षात तीनदा सरकवलं. तुम्ही म्हणालात, धुऊन सैल झाली. तीनदा मीच लावलं, वहिनी. या बोटांनी. चार चार टाके."

संध्याकाळी यजमान आले. पायरीवर चप्पल काढतात न काढतात तोच दोघींनी त्यांना टेबलाशी उभं केलं.

"काय कात्रे? रिटायरमेंटचा सूट शिवताय की काय मला? एवढ्यात कशाला, अजून अकरा महिने आहेत."

"दादा, हात वर कर."

उद्याबाई माप सांगत गेल्या, नणंद लिहीत गेली. कॉलर. छाती. कंबर. कमरेला उद्याबाईंनी टेप दोनदा लावली. यजमानांची बडबड चालूच होती. "बरंय की वजन उतरलं. लिफ्टला माझाच भार जास्त व्हायचा. भूक लागत नाही म्हणजे डब्याचाही त्रास वाचला तुमचा."

"कधीपासून भूक लागत नाही?"

"आता त्याची काय तारीख लिहून ठेवलीय?"

"उद्या डॉक्टरकडे जायचं."

"मला काय धाड भरलीय! तुझा उद्या म्हणजे पुढचा महिना. बघू."

उद्याबाईंनी वाद घातला नाही. त्या त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, टेप हातातून टेबलावर ठेवली आणि रिकाम्या हातानं म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुम्ही रिटायर व्हाल."

रिकामा हात खांद्यावरून मागे गेला.

त्यांना आम्ही कुणी काही सांगितलं नव्हतं. पण लिफ्टमन तो. चौतीस वर्षं त्यांनी हेच बघितलं होतं. लोक तोंडानं 'चौथा' म्हणतात आणि बोट पाचाकडे जातं. हे पाचावर लिफ्ट थांबवायचे आणि माणूस निमूट उतरायचा, आपण काय म्हणालो होतो याचा पत्ता नसलेला. यजमान बायकोच्या हाताकडे बघत राहिले. तो जिथे गेला होता तिथे, तिच्या खांद्याच्या मागे, आरशात त्यांचाच चेहरा होता.

त्यांनी काढलेली चप्पल परत पायात घातली. "उद्या कशाला," ते म्हणाले. "आत्ताच चला."

पोटात गाठ निघाली. तपासण्यांचे चार दिवस गेले आणि मग मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना आत बोलावलं. "वेळेत आणलंत. कळलं कसं तुम्हाला? दुखत तर नव्हतं म्हणता." नणंदेनं उद्याबाईंचा उजवा हात हळूच पदराआड केला. "असू दे. येत्या गुरुवारी ऑपरेशन करू."

आमची चौघांचीही नजर एकदम डॉक्टरांच्या हातांवर गेली. दोन्ही हात पांढऱ्या कोटाच्या खिशात होते.

"डॉक्टरसाहेब," यजमान अतिशय अदबीनं म्हणाले, "तेवढं एकदा हात बाहेर काढून सांगता का?"

डॉक्टरांना वाटलं, माणूस घाबरलाय. त्यांनी हात काढून त्यांच्या खांद्यावर ठेवला. त्यातून कुणाला काही कळलं नाही.

गुरुवारी सकाळी त्यांना आत नेलं. लांब बोळात भिंतीला लागून खुर्च्या होत्या, समोर ते दार, वर लाल दिवा. उद्याबाई मधे, उजवा हात मांडीखाली. एक तास गेला. दुसरा निम्मा गेला. आतून कुठलाही आवाज येत नव्हता, फक्त मधेच चाकांची कुरकुर, ती नक्की कुठल्या मजल्यावरची तेही समजत नव्हतं.

"वहिनी," नणंद म्हणाली, "एकदा म्हणा ना."

"नको."

"मला सहन होत नाही आता. म्हणून टाका."

"आणि मागे गेला तर? त्यांनी आत चालवलेली सुरी मी इथून थांबवू? नको, वन्सं."

"मग निदान मी तयार तरी राहीन."

उद्याबाईंनी तिच्याकडे बघितलं. ही बाई सात वर्षांची असताना तिची आई गेली होती आणि दादानं तिला वेणी घालायला शिकून घेतलं होतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मांडीखालचा हात काढला. तो दबून पांढरा पडला होता, बोटांवर खुर्चीच्या विणीची नक्षी उठली होती. डोळे मिटून त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हे..."

हात उचलला गेला. उंच गेला. खांद्याशी आला आणि तिथे थांबला.  बोटं कानापाशी थरथरत होती, जणू आत कुणीतरी दोन्हीकडून ओढत होतं. मग तो हळूहळू खाली आला, समोर आला, आणि लांब होत होत लाल दिव्याच्या दिशेनं ताठ झाला.

"...रिटायर होतील," उद्याबाईंनी वाक्य पुरं केलं.

नणंदेनं तो हात तसाच हवेत पकडला आणि त्यात तोंड खुपसून रडली. दहा मिनिटांनी ती खुर्चीत गाढ झोपली. डॉक्टर बाहेर आले ते आणखी अर्ध्या तासानं. "सगळं निघालं, काळजीचं कारण नाही," ते म्हणाले, तेव्हा तिला उठवून ऐकवावं लागलं. ऐकून ती म्हणाली, "हो, माहितेय," आणि कूस बदलली. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार? उद्याबाईंच्या हातात टेप नव्हती. दोन तासांत यजमानांना तो हात लागलाही नव्हता. बोटांनी वाचलं म्हणावं तर मधे भिंत होती.

संध्याकाळी टॅक्सीनं परत येताना उद्याबाई बऱ्याच दिवसांनी मोकळ्या बोलत होत्या. मी शेजारी बसलो होतो.

"तुम्ही आमच्यासाठी फार केलंत हो," त्या म्हणाल्या. "एक चांगलं कापड आहे माझ्याकडे. माप मला पाठ आहे तुमचं. शर्ट शिवते. या तुम्ही पुढच्या..."

मी घाईघाईनं डोळे मिटून घेतले.